एकच लागर, ३९ आणि २७ गुण: होमब्रू स्पर्धेतल्या एका मतभेदाची गोष्ट

पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या होमब्रू, म्हणजे घरी बनवलेल्या बिअरच्या, स्पर्धेतलं हे प्रकरण. स्पर्धक, परीक्षक किंवा स्पर्धा ओळखू येईल असा तपशील इथे ठेवलेला नाही. परीक्षणाची व्यवस्था माझ्याकडे होती. कोण कुठल्या टेबलावर बसणार, कुठली बिअर कुणाकडे जाणार हे मी ठरवत होतो आणि टेबलावर तिढा पडला की तो माझ्याकडेच यायचा.

बऱ्याच होमब्रू स्पर्धांसारखी हीसुद्धा बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या, म्हणजे बीजेसीपीच्या पद्धतीने चालते. १९८५ पासून ही संस्था परीक्षक तयार करते आणि बिअरच्या शैलींची वर्णनं प्रसिद्ध करते. त्या वर्णनांची शेवटची मोठी आवृत्ती २०२१ ची. स्कोअरशीट ५० गुणांची असते: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात लागणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. सोनेरी रंग आणि पांढराशुभ्र फेस पाहून हरखून जाणाऱ्यांना हे वाटप खटकतं, पण दिसण्याचे गुण जेमतेम तीनच. ५० पैकी ३२ गुण नाक आणि जीभ यांच्या हाती असतात.

बाटल्या येतात त्या कोऱ्या, लेबल नसलेल्या. परीक्षकाला प्रवेशाचा क्रमांक आणि शैली एवढंच कळतं. आपल्याच बिअरच्या वर्गात कुणी परीक्षक म्हणून बसत नाही. टेबलावर किमान दोघं असतात. दोघांनी चाखून, लिहून, बेरीज करेपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. भुवया उंचावणं किंवा 'हं' करणंही नाही. लिहून झाल्यावर चर्चा होते आणि दोघांच्या गुणांमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंतर राहणार नाही, हे पाहिलं जातं. आमच्याकडे ही मर्यादा ७ गुणांची होती. त्यानंतर दोघांनी मिळून एक सामाईक गुण नोंदवायचा. तो सरासरीइतकाच असला पाहिजे असं काही नाही.

तिढा पडला त्या टेबलावर चेक प्रीमियम पेल लागरची फ्लाइट होती, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या या फिकट बिअरच्या बाटल्या एकामागोमाग चाखायच्या होत्या. एक परीक्षक नॅशनल या वरच्या दर्जाचे, बरीच वर्षं परीक्षण केलेले. दुसऱ्या परीक्षक नुकत्याच परीक्षा देऊन रेकग्नाइज्ड या सुरुवातीच्या दर्जाला पोचलेल्या. पुढे त्यांना ज्येष्ठ आणि नव्या असंच म्हणतो.

अडचण

पहिल्या काही बिअरना दोघांच्या गुणांत दोन-चारचा फरक पडत होता. त्यात वावगं काही नाही. मग एक बाटली आली. झाकण उघडताना आवाज नेहमीसारखा, फेस बेताचा आणि टिकणारा, बिअर आरपार स्वच्छ. ज्येष्ठांनी ३९ दिले, नव्यांनी २७.

बीजेसीपीच्या पट्टीवर ३८ ते ४४ म्हणजे 'एक्सलंट': शैलीचा चांगला नमुना, किरकोळ सफाई बाकी. २१ ते २९ म्हणजे 'गुड': शैली नीट साधलेली नाही, किंवा दोष जाणवतात. मध्ये ३० ते ३७ ची 'व्हेरी गुड' ही अख्खी पायरी रिकामी राहिली होती. ज्येष्ठांचा आकडा मान्य केला तर ही बिअर टेबलावर पहिली येऊन पदकाच्या फेरीत जाणार होती. नव्यांचा मान्य केला तर खालच्या निम्म्यात जाणार होती.

नव्यांच्या शीटवर डायॲसिटिलच्या, म्हणजे लोण्यासारखा वास देणाऱ्या द्रव्याच्या, चौकटीत खूण होती. वासाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'लोणी, पॉपकॉर्न, मध्यम, ग्लास तापला तसं वाढलं'. ज्येष्ठांच्या शीटवर ती चौकट कोरी होती आणि त्याच रकान्यात 'भरदार, पावासारखा माल्ट, मसालेदार हॉप्स, दोष नाही' असं होतं. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं.)

डायॲसिटिल काय चीज आहे, हे इथे सांगायला हवं. फर्मेंटेशनच्या, म्हणजे आंबण्याच्या, वेळी यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकतं. बिअरमध्ये त्याचं आपोआप डायॲसिटिल होतं, आणि यीस्टला वेळ व ऊब मिळाली तर तेच ते परत शोषून घेऊन बिनवासाच्या पदार्थांत बदलतं. घाईघाईने थंड केलं की हे काम अर्धवट राहतं. फिकट लागरमध्ये लपायला जागा नसते, त्यामुळे लिटरला साधारण ०.१ मिलिग्रॅम एवढंसं डायॲसिटिलही पुष्कळांच्या नाकाला कळतं. पुष्कळांच्या म्हणजे सगळ्यांच्या नव्हे. या एका वासाबाबत माणसामाणसांत प्रचंड फरक असतो. काहींना तो दारातूनच येतो, तर काही मुरलेल्या परीक्षकांना ग्लासात नाक घालूनही येत नाही.

त्यातून शैलीनेही घोळ वाढवला होता. जर्मन पिल्स ही दुसरी फिकट लागर असती तर प्रश्नच नव्हता, तिथे फर्मेंटेशन स्वच्छच हवं. चेक प्रीमियम पेल लागरच्या वर्णनात मात्र हलकं डायॲसिटिल चालेल, पण असायलाच हवं असं नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मतभेद एक नव्हता, दोन होते. वास आहे की नाही हा पहिला, आणि असलाच तर या शैलीत त्याचे किती गुण कापायचे हा दुसरा.

टेबलावर हे दोन्ही एकत्र कालवले गेले होते. दोघांनी आधी एकमेकांना बेरीज सांगितली आणि चर्चा तिथूनच सुरू झाली. ज्येष्ठ म्हणाले, "या शैलीत थोडं चालतं, तुम्ही फार कडक मोजलंय." नव्या म्हणाल्या, "थोडं नाहीये हो हे." ज्येष्ठांना वास येतच नव्हता, तरी ते वासाच्या प्रमाणावर वाद घालत होते. हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग टेबलावर बाटल्या आणून देणाऱ्या स्टुअर्डने मला बोलावलं.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय सरासरीचा होता. ३९ आणि २७ ची सरासरी ३३. बिअर कुठल्या क्रमांकावर येते, एवढंच पाहायचं असतं तर हेही खपलं असतं. पण ३३ हा त्या टेबलावर कुणाच्याच मनातला आकडा नव्हता. स्पर्धकाच्या हाती १२ गुणांचं अंतर असलेल्या दोन शीट पडल्या असत्या आणि वर एक आकडा, ज्याचं कारण एकाही शीटवर नाही.

दुसरा पर्याय ज्येष्ठांचा शब्द मानायचा. टेबलावर न बोलता असंच होतं, आणि माझ्या मते परीक्षणातली सगळ्यात वाईट खोड हीच आहे. दर्जा परीक्षेतल्या गुणांवर आणि अनुभवावर मिळतो. त्या माणसाला शैली नीट ठाऊक आहे आणि अभिप्राय लिहिता येतो, एवढं त्यावरून कळतं. एखाद्या विशिष्ट वासाला त्याचं नाक किती तीक्ष्ण आहे, ते कळत नाही.

तिसरा पर्याय दुसरी बाटली उघडण्याचा. प्रत्येक प्रवेशाच्या आमच्याकडे दोन बाटल्या होत्या आणि दुसरी पुढच्या फेरीसाठी राखून ठेवलेली असते. बाटलीतच काही बिघडल्याची शंका असेल, म्हणजे फेस कारंज्यासारखा उसळला, झाकण सैल निघालं किंवा आंबूस संसर्ग जाणवला, तर ती उघडायची असा आमचा नियम.

चौथा पर्याय तिसऱ्या नाकाचा. शेजारच्या टेबलावर सर्टिफाइड या मधल्या दर्जाचे एक परीक्षक मोकळे झाले होते. पण तिसऱ्या माणसाला आणलं की तो पंच होऊन बसतो आणि चर्चेचं मतदान होतं. तिसरा कशासाठी येतोय, हे आधी पक्कं ठरवल्याशिवाय त्यात हात घालण्यात अर्थ नव्हता.

काय केलं

आधी दोघांनाही आकडे बाजूला ठेवायला सांगितलं आणि शीटमधलं फक्त वर्णन वाचायला लावलं. नव्यांना आधी, ज्येष्ठांना नंतर. हा क्रम मुद्दाम ठेवला होता. ज्येष्ठांनी आधी वाचलं की समोरचा नकळत आपलं वाक्य मवाळ करतो.

वाचताना एक गोष्ट लगेच कानावर पडली. पोताच्या रकान्यात नव्यांनी लिहिलं होतं, 'जिभेवर तेलकट थर'. ज्येष्ठांनी त्याच रकान्यात, ५ पैकी ४ देऊन, लिहिलं होतं, 'मऊ, किंचित निसरडी'. डायॲसिटिल पुरेसं असलं की वासाखेरीज तोंडात असा निसरडेपणाही जाणवतो. म्हणजे त्याची खूण दोघांच्याही शीटवर होती. ज्येष्ठांनी ती माल्टच्या भरदारपणात धरली होती, एवढाच फरक.

मग ग्लास तपासले. लागर फ्रिजमधून थेट टेबलावर येते आणि थंड असताना डायॲसिटिल दबून राहतं. पटकन उडून जाणारे वास निसटू नयेत म्हणून ओतल्याबरोबर हुंगायचं, हे बरोबरच. पण ज्येष्ठांचा वासाचा रकाना पहिल्याच मिनिटात भरून झाला होता. त्यांना ग्लास दोन्ही तळव्यांत धरून, तोंड हाताने झाकून थोडा वेळ थांबायला सांगितलं. मग हलवून हुंगायला. त्यांनी तसं केलं. "माल्ट जरा जास्त गोड वाटतोय आता. लोणी नाही," ते म्हणाले.

इथे ठरवावं लागलं. वास न येणाऱ्या माणसाला तो पटवून देता येत नाही, आणि देऊही नये. सारखं 'लोणी, लोणी' म्हणत राहिलं की दहा मिनिटांत कुणालाही कुठेही लोणी येऊ लागतं. म्हणून तिसऱ्या परीक्षकांना बोलावलं, पण गुण द्यायला नाही. त्यांच्यासमोर दोन ग्लास ठेवले, एकात हीच बिअर, एकात आधीची. कुठला कुठला, ते त्यांना सांगितलं नाही. वाद कशावरून हेही नाही. वासात जे आढळेल ते लिहून द्या, एवढंच. पहिल्या ग्लासाखाली त्यांनी हॉप्स आणि माल्टबद्दल दोन शब्द लिहिले. दुसऱ्याखाली पहिलाच शब्द होता 'पॉपकॉर्न'. दुसरा ग्लास याच बिअरचा होता. कागद आम्ही घेतला, त्यांचे आभार मानले आणि ते परत गेले.

दुसरी बाटली उघडली नाही. बिअर आंबट नव्हती, गढूळ नव्हती, वायू नेमका होता. संसर्गाचं एकही लक्षण नसताना नुसतं लोणी येणं म्हणजे दोष बहुधा अख्ख्या बॅचमध्येच आहे, या एका बाटलीपुरता नाही.

आता वास आहे की नाही हा प्रश्न मिटला होता. राहिला शैलीचा. त्यासाठी वर्णन उघडून मोठ्याने वाचलं. नव्यांनी शीटवर 'या शैलीत असू नये' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून 'हलकं चाललं असतं, हे मध्यम आहे' असं केलं. चवीचे गुण १० वरून १२ केले, वासाचे ६ वरून ७ आणि एकूण परिणामाचे ५ वरून ६. बेरीज ३१ झाली. नंतर त्या म्हणाल्या, की हाती पेन घेताना त्यांच्या डोक्यात जर्मन पिल्सच होती.

ज्येष्ठांनी जे केलं, त्यावर आमच्यात अजून चर्चा होते. ते म्हणाले, "मला लोणी येत नाही, तर वासाच्या रकान्यात मी ते लिहिणार नाही. पण निसरडेपणा मीच टिपलाय. आणि तो गोडवा सगळा माल्टचाच असेल असं आता वाटत नाही." वासाचे १० त्यांनी तसेच ठेवले. चवीचे १५ चे १२ केले, पोताचे ४ चे ३ आणि एकूण परिणामाचे ७ चे ६. बेरीज ३४. वर्णनाखाली एक ओळ वाढवली: 'डायॲसिटिलची माझी जाण कमी आहे, या मुद्द्यावर दुसरी शीट जास्त विश्वासार्ह.'

स्वतःला न आलेल्या वासापायी गुण कमी करणं प्रामाणिकपणाचं आहे का? आमच्यातल्या एका परीक्षकांचं मत, की नाही. आपल्या नाकाशी इमान राखावं आणि अंतर राहिलं तर आयोजकांनी पाहून घ्यावं. मला तसं वाटत नाही. ज्येष्ठांनी दुसऱ्याचा वास उसना घेतला नव्हता. स्वतः टिपलेल्या दोन गोष्टींचा अर्थ त्यांनी नव्याने लावला आणि तेवढ्यापुरतेच गुण हलवले. वासाचा आकडा जागचा हलला नाही, हा माझ्या लेखी त्याचा पुरावा.

सामाईक गुण ३२ ठरला. सरासरी साडेबत्तीस येत होती. ज्या मुद्द्यावर अंतर पडलं होतं त्यात नव्यांचं निरीक्षण टिकलं होतं, म्हणून दोघांनी मिळून तो खाली नेला.

निकाल

या सगळ्याला एका बिअरला लागतो त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ गेला आणि पुढच्या बाटल्या खोळंबल्या. बिअर पदकाच्या फेरीत गेली नाही. त्या टेबलावरून पुढे गेलेल्या दोन्ही बिअरचे गुण तिच्याहून बरेच वर होते. त्या फेरीत आणि शेवटच्या सर्वोत्कृष्ट बिअरच्या फेरीत आकडे बाजूला पडतात आणि समोरासमोर ठेवून बाद करत जायचं असतं. त्यामुळे तिथे पोचू न शकलेल्या बिअरला स्पर्धेतून जे मिळतं, ते त्या दोन शीटच.

स्पर्धकाचं पत्र आलं. रागाचं नव्हतं, गोंधळलेलं होतं. एका कागदावर 'दोष नाही', दुसऱ्यावर 'मध्यम डायॲसिटिल'. विश्वास कुणावर ठेवायचा? चुकीच्या वर्गात तर बिअर घातली नाही ना, असंही विचारलं होतं. उत्तरात ज्येष्ठांच्या त्या शेवटच्या ओळीकडे लक्ष वेधलं, तिसऱ्या परीक्षकांच्या कागदाबद्दल सांगितलं आणि वर्गाबद्दल लिहिलं, की लोण्याला थोडी का होईना सवलत देणारा वर्ग त्यांनी निवडलाच होता. मग बिअर कशी बनवली ते विचारलं. १० अंश सेल्सिअसला फर्मेंटेशन, घनता अपेक्षित आकड्याला पोचताच, म्हणजे साखर आंबून झाल्याचं दिसताच, थेट जवळजवळ शून्यापर्यंत थंड. मधली ऊब नाहीच.

त्यांच्याकडे त्याच बॅचच्या बाटल्या शिल्लक होत्या, म्हणून गरम-थंड चाचणी सुचवली. दोन सारखे नमुने घ्यायचे. एक झाकून ६० ते ७० अंशांवर वीसेक मिनिटं ठेवायचा, मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगायचे. उष्णतेने उरलेलं पूर्वद्रव्य डायॲसिटिलमध्ये बदलतं. त्यांना दोन्हींत लोणी आलं, तापवलेल्यात ठळकपणे जास्त. म्हणजे पूर्वद्रव्यही अजून शिल्लक होतं आणि यीस्टचं काम संपण्याआधीच थंडी आली होती. पुढच्या बॅचला फर्मेंटेशन संपत आलं असताना त्यांनी तापमान १६ अंशांपर्यंत चढू दिलं, चाचणीत काही येईना तोवर तिथेच ठेवलं, आणि मगच थंड केलं.

वेगळं काय करता आलं असतं

फ्लाइट सुरू होण्याआधी एक बाजारातली, त्याच शैलीची बिअर दोघांनी मिळून, मोकळेपणाने बोलत चाखायची असते. वेळ वाचवण्यासाठी त्या दिवशी ती गाळली होती. ती घेतली असती तर नव्यांच्या डोक्यातली जर्मन पिल्स तिथेच निघून गेली असती. ज्येष्ठांचा वासाचा प्रश्न मात्र त्याने सुटला नसता.

त्यासाठी जोड्या लावतानाच माहिती हवी. परीक्षकांच्या सरावात बिअरमध्ये मोजून डायॲसिटिल मिसळून चाखवतात, तेव्हा कुणाला काय उशिरा कळतं हे दिसतंच. पण ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि विचारलं तर सांगायला लोक कचरतात. आम्ही नोंदणीच्या अर्जात तसा एक रकाना घातला. बहुतेकांनी तो कोरा सोडला. ज्यांनी भरला त्यांची जोडी लावणं सोपं गेलं: लोण्याला मंद असलेल्याला लागरच्या टेबलावर एकटं सोडायचं नाही, एवढं तरी आता पाळता येतं.

चर्चेचा क्रम बदलला. आता टेबलावर बेरीज आधी सांगायची नाही. आधी वर्णन, कमी दर्जाच्या परीक्षकापासून, आणि आकडा सगळ्यात शेवटी. त्याने वेळ वाढत नाही, उलट वाचतो. बऱ्याच वेळा आकडा सांगायची पाळी येईपर्यंत दोघांनी आपापल्या शीटवर काहीतरी बदललेलं असतं.

दुसऱ्या बाटलीबद्दल मात्र एकमत नाही. एका अनुभवी स्टुअर्डचं म्हणणं, की १२ गुणांचं अंतर हेच दुसरी बाटली उघडायला पुरेसं कारण आहे. लोणी सोडणारे जिवाणू असतात आणि आंबटपणा कधीकधी मागाहून येतो. म्हणणं बिनबुडाचं नाही. पण दुसरी बाटली उघडली असती आणि ही बिअर ३६-३७ वर थांबली असती, तर पुढच्या फेरीत ठेवायला तिची बाटलीच उरली नसती. सध्या आम्ही तोडगा असा काढला आहे: मतभेद दोषावरून असेल आणि तिसऱ्या नाकालाही निर्णय देता येत नसेल, तरच दुसरी उघडायची, आणि ती उघडल्याची नोंद शीटवर करायची. स्पर्धकांकडून तीन बाटल्या मागवाव्यात, असाही विचार चालू आहे. साठवणुकीची जागा पाहता तो कितपत जमेल, ते पुढच्या नोंदणीआधी ठरेल.